ध्यानवाचन, ख्रिस्ती

ख्रिस्ती अध्यात्मातील एक प्राचीन साधनापद्धती. पवित्र शास्त्रातील म्हणजे बायबलमधील एखादा लहान वेचा संथपणे वाचणे, त्यातील शब्द मनात घोळविणे, त्यांना प्रार्थनेने प्रतिसाद देणे व अखेरीस ईश्वरसान्निध्यात निःशब्द होणे, असे तिचे सामान्य स्वरूप आहे. लॅटिन भाषेत तिला ‘लेक्तिओ दिव्हिना’ (दिव्य वाचन) म्हणतात. माहिती मिळविणे हा या वाचनाचा हेतू नसतो. विचार, भावना, इच्छा व आचरण यांत विखुरलेले माणसाचे अंतःकरण ईश्वराच्या शब्दाभोवती एकवटावे व त्याला अखंडता प्राप्त व्हावी, हे त्याचे उद्दिष्ट होय. महाराष्ट्रात व गोव्यात ही साधना पुराण, अभंग, कीर्तन व भाषांतर या मार्गांनी मराठीत उतरली. येथे तिचा प्रश्न व्यक्तीच्या अंतःकरणापुरता राहिला नाही. नवा धर्म स्वीकारलेल्या माणसाने आपली भाषा व आपला समाज यांसह अखंड कसे राहावे, या प्रश्नाशीही ती जोडली गेली.

अखंडतेची कल्पना : बायबलच्या जुन्या करारातील ‘शालोम’ या हिब्रू शब्दाचे भाषांतर सामान्यतः ‘शांती’ असे केले जाते, परंतु त्याच्या धातूत पूर्ण असणे, उणे न राहणे हा अर्थ आहे. व्यक्तीचे आरोग्य, कुटुंबाचे क्षेम, समाजातील न्याय व ईश्वराशी असलेला सलोखा या सर्वांचा त्यात समावेश होतो. हिब्रू विचारात ‘हृदय’ हे केवळ भावनेचे स्थान नसून बुद्धी व संकल्प यांचेही केंद्र आहे. त्यामुळे दुभंगलेले हृदय म्हणजे दुभंगलेला माणूस. ८६ व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आपले हृदय एकाग्र करावे अशी याचना करतो. तर नव्या करारातील याकोबाच्या पत्रात ‘द्विबुद्धीच्या’ माणसाला अस्थिर म्हटले आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस पौल आत्मा, जीव व शरीर या तिहींच्या परिपूर्णतेसाठी प्रार्थना करतो. शरीराला त्याज्य मानून केवळ आत्म्याची सुटका शोधणे हे म्हणूनच ख्रिस्ती साधनेचे मूळ सूत्र ठरत नाही. कॅसिअन (सु. ३६०–सु. ४३५) याने संन्यस्त जीवनाचे निकटचे ध्येय ‘अंतःकरणाची शुद्धी’ असे सांगितले. येथे शुद्धी म्हणजे निर्भेळपणा, एकाच गोष्टीची ओढ असणे, असा अर्थ अभिप्रेत आहे.

उगम व विकास : ध्यानवाचनाची मुळे यहुदी परंपरेत आहेत. पहिल्या स्तोत्रात धर्मशास्त्राचे रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटले आहे. तेथे योजलेल्या ‘हागा’ या हिब्रू क्रियापदाचा मूळ अर्थ पुटपुटणे, गुणगुणणे असा आहे. यशयाच्या ग्रंथात भक्ष्यावर गुरगुरणारा सिंह व घुमणारे पारवे यांच्यासाठीही तेच क्रियापद येते. मनन ही प्रारंभी ओठांनी व कंठाने करावयाची क्रिया होती, हे यावरून लक्षात येते. ईजिप्तच्या वाळवंटातील तिसऱ्या-चौथ्या शतकांतील तपस्वी बायबलमधील वचने मुखोद्गत करून हातांनी काम करीत असताना ती पुटपुटत असत. त्यांच्यापैकी अनेकांना लिहितावाचता येत नव्हते. सेंट अँटनी याचे जीवनच चर्चमध्ये ऐकलेल्या शुभवर्तमानातील एका वचनाने पालटले, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. वाचन येथे मुख्यतः श्रवण होते.

ऑरिजेन (सु. १८५–सु. २५४) याने आपल्या शिष्याला लिहिलेल्या पत्रात शास्त्राच्या दिव्य वाचनात चित्त लावण्याचा उपदेश केला, या संज्ञेचा तो एक आरंभीचा उल्लेख होय. सेंट बेनेडिक्ट (सु. ४८०–सु. ५४७) याच्या मठनियमाने या वाचनाला दिनक्रमात निश्चित स्थान दिले. त्या नियमाच्या ४८ व्या प्रकरणात ऋतुमानानुसार श्रमाच्या व वाचनाच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. उपवासकाळात प्रत्येक संन्याशाला एक ग्रंथ द्यावा व त्याने तो आरंभापासून क्रमाने पूर्ण वाचावा, असेही त्यात म्हटले आहे. वाचनाच्या वेळी कोणी आळसात किंवा गप्पांत वेळ घालवीत नाही ना, हे पाहण्यासाठी वडीलधाऱ्या संन्याशांची नेमणूक होई. वाचन हे कष्टाचे काम आहे व मन त्यापासून पळ काढते, याची जाण त्यामागे दिसते.

पायऱ्या : बाराव्या शतकात फ्रान्समधील ग्रांद शार्त्र्यूझ मठाचा प्रमुख दुसरा गीगो याने मठवासीयांच्या शिडीवर एक छोटा ग्रंथ लिहून या साधनेची मांडणी चार पायऱ्यांत केली. वाचन, मनन, प्रार्थना व दर्शन किंवा चिंतनसमाधी या त्या चार पायऱ्या होत. वाचनाने घास तोंडात येतो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने त्याची चव लागते आणि दर्शनात त्या गोडीने माणूस तृप्त होतो, असा त्याच्या दृष्टांताचा आशय आहे. मध्ययुगीन लेखकांनी मननाला गुराच्या रवंथ करण्याची उपमा वारंवार दिली. मराठीतही ‘रवंथ करणे’ हा प्रयोग मनात पुन्हापुन्हा घोळविण्याच्या अर्थाने रूढ असल्याने ही उपमा मराठी वाचकास परकी वाटत नाही. गीगोने उदाहरणासाठी निवडलेले वचन मत्तयाच्या शुभवर्तमानातील, अंतःकरणाच्या शुद्धतेचे आहे. डोंगरावरील प्रवचनाच्या आरंभी येणाऱ्या धन्योद्गारांपैकी ते एक होय.

चार पायऱ्यांचे कार्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या एका स्त्रीची कथा आहे. तत्कालीन यहुदी नियमांनुसार ती अशुद्ध समजली जाई. तिचा स्पर्श इतरांनाही विटाळ करी. वैद्यांवर सर्व द्रव्य खर्चूनही तिला गुण आला नव्हता. गर्दीत मागून येऊन ती येशूच्या वस्त्राला शिवते व बरी होते. पहिल्या वाचनात वाचक कथेचा क्रम लक्षात घेतो. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात एखादा शब्द त्याला थांबवितो, उदा., ती ‘मागून’ आली. मननात तो विचारतो, की तिला समोरून का येता आले नाही आणि आपण स्वतः कोणाला समोरून येऊ देत नाही? व्याधी नाहीशी झाल्यावर कथा संपत नाही. येशू थांबतो, तिला शोधतो, ती भीतभीत पुढे येऊन सर्व हकिकत सांगते आणि तो तिला ‘मुली’ म्हणून संबोधून शांतीने जाण्यास सांगतो. शरीर बरे झाले, सत्य बोलले गेले व तुटलेले नाते सांधले गेले. या तिन्ही गोष्टी मिळून तिचे बरे होणे पूर्ण होते. प्रार्थनेत वाचक या कथेच्या आधारे आपली लपविलेली व्यथा ईश्वरापुढे मांडतो. त्यानंतरची स्तब्धता त्याच्या प्रयत्नाने साधत नाही; ती ईश्वरकृपेने लाभते असे मानले जाते. अलीकडील लेखक ‘आचरण’ ही पाचवी पायरी जोडतात. वरील कथा वाचून उठलेल्या माणसाच्या वागण्यात शिवाशिव तशीच राहिली, तर वाचन अपुरे राहिले असे समजावे, हा त्यामागील विचार होय.

भारतीय परंपरेतील श्रवण, मनन व निदिध्यासन या त्रयीशी या क्रमाचे साम्य अनेकांनी दाखविले आहे. बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्य–मैत्रेयी संवादात या त्रयीचा आधार आहे. महाराष्ट्रातील ज्ञानेश्वरी वा गुरुचरित्र यांची पारायणे हीही उच्चारित वाचनाचीच परंपरा आहे. मात्र पारायणात ठरावीक मुदतीत ग्रंथ समाप्त करण्याला महत्त्व असते, तर ध्यानवाचनात एखाद्या ओळीवर संपूर्ण वेळ गेला तरी चालतो. उपनिषदातील साधनेचे पर्यवसान आत्मज्ञानात होते. ख्रिस्ती ध्यानवाचन हे शेवटपर्यंत संवाद राहते. त्यात बोलणारा ईश्वर व ऐकणारा माणूस यांतील भेद मावळत नाही.

उत्तरकालीन स्थित्यंतरे : तेराव्या शतकापासून विद्यापीठांत शास्त्राचे अध्ययन तर्कप्रधान झाले आणि मननाची वाट मठांपुरती उरली. इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) याने स्पिरिच्युअल एक्सरसायझेस (प्रकाशन १५४८) या पुस्तकात शुभवर्तमानातील प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे उभा करून पंचेंद्रियांनी अनुभवण्याची रीत शिकविली. मार्टिन ल्यूथरने १५३९ मध्ये प्रार्थना, मनन व कसोटी अशी त्रयी मांडली. दर्शनाच्या जागी त्याने जीवनातील झगड्याला स्थान दिले, हा फरक लक्षणीय आहे. प्रॉटेस्टंट देशांत बायबल लोकभाषेत घरोघर पोहोचले. कॅथलिक जगात मात्र सामान्य श्रद्धावंतांच्या हाती मुख्यतः जपमाळ राहिली. तिच्यातील रहस्यांच्या द्वारे येशू व मरिया यांच्या जीवनप्रसंगांचे मनन होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी संमत केलेल्या ईश्वरी प्रकटीकरणविषयक धर्मादेशात सर्व श्रद्धावंतांना शास्त्राचे वारंवार वाचन करण्यास आवाहन केले व वाचनाला प्रार्थनेची जोड असावी, असे बजावले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० मधील वेर्बुम दोमिनी या उपदेशपत्रात ध्यानवाचनाच्या पायऱ्यांचे पुन्हा विवरण केले.

मराठीतील परंपरा : मराठी भाषेत ख्रिस्ती ध्यानवाचनाचा आरंभ बायबलच्या भाषांतराने झाला नाही, तो पुराणाने झाला. टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे दोन भाग असून त्यांत अनुक्रमे ३६ व ५९ अवस्वरू (अध्याय) आणि एकूण सुमारे ११,००० ओव्या आहेत. पहिल्या भागात जुन्या कराराचा व दुसऱ्यात नव्या कराराचा कथाभाग येतो. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण प्रश्न उपस्थित करतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केली, मग त्यांच्या जागी वाचावयास दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नात त्या पिढीची व्यथा साठविली आहे. धर्मांतराबरोबर त्या लोकांचे रोजचे वाचन व श्रवण हिरावले गेले होते. त्या रिकाम्या जागेसाठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचले गेले आणि गोव्यातील साष्टी भागात रविवारी व सणांच्या दिवशी ते चर्चमध्ये वाचले जाऊ लागले. परिचित छंदात अपरिचित कथा ऐकताना श्रोत्याला आपल्या भाषेशी असलेले नाते तोडावे लागत नव्हते. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने गोमंतकीयांनी स्थानिक भाषा सोडून द्यावी असा आदेश काढला आणि हे नाते अधिकृतपणेच अमान्य ठरले. सतराव्या शतकातील छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. तरीही हस्तलिखितांच्या रूपाने क्रिस्तपुराण टिकले. १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी ते मंगळूर येथून प्रसिद्ध केले आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती पुण्यास निघाली.

मुंबई उपनगर : गोव्यातील साष्टीप्रमाणे मुंबईच्या उत्तरेकडील बेटालाही साष्टी हेच नाव आहे. वांद्रे, अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली हा भाग त्यात मोडतो. जोगेश्वरीचे सु. सहाव्या शतकातील शैव लेणे प्रसिद्ध आहे. तेथून उत्तरेस बोरिवलीजवळील मंडपेश्वर या दुसऱ्या शैव लेण्याचे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी प्रार्थनागृहात रूपांतर केले व त्यालगत मठ उभारला. १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकल्यानंतर तेथे पुन्हा हिंदू पूजा सुरू झाली. एकाच खडकात दोन धर्मांच्या प्रार्थना घुमल्या. परंतु एकीला जागा देण्यासाठी दुसरी हटवावी लागली, हेही त्या दगडांवरून दिसून येते.

या बेटावरील मूळच्या कॅथलिक रहिवाशांना एकोणिसाव्या शतकापासून ‘ईस्ट इंडियन’ म्हटले जाते. त्यांच्या घरात मराठीची एक बोली बोलली जाई, तर चर्चमधील उपासना लॅटिनमध्ये होई. या दोहोंमधील अंतर सांधणारी रचना म्हणजे फ्रांसिस्कु व्हाझ द गिमारायस याचे ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील पुराण होय. ते १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. त्याची भाषा मुंबई परिसरातील तत्कालीन ख्रिस्ती लोकांची मराठी आहे. गावठाणांतील क्रुसांजवळ जमून सायंकाळी जपमाळ म्हणण्याची प्रथाही येथे दृढ झाली. लॅटिन उपासनेच्या काळात सामान्य माणसाचे शास्त्रमनन बव्हंशी अशा रीतीने कंठातून व समुदायातून चालत राहिले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात मोठा पालट झाला. १९६४ मध्ये मुंबईस आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली. त्या वेळी पोप सहावे पॉल यांनी अन्य धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना बृहदारण्यक उपनिषदातील एक प्रार्थना उद्धृत केली. जोगेश्वरीशेजारच्या अंधेरी येथील ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी शुभवर्तमानातील प्रसंग भारतीय संगीत व नृत्य यांच्या माध्यमातून मांडले. लॅटिनऐवजी मराठी, कोकणी व इंग्रजी उपासना रूढ झाल्या. मुंबईच्या धर्मप्रांतात शेजारच्या कुटुंबांचे लहान समूह तयार झाले असून त्यांत दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने प्रचलित केलेली सात टप्प्यांची पद्धती वापरली जाते. प्रभूला आमंत्रण, वेच्याचे वाचन, भावलेल्या शब्दांची पुनरुक्ती, मौन, परस्परांशी अनुभवकथन, करावयाच्या कामाचा विचार व प्रार्थना असे ते टप्पे आहेत. मठातील चार पायऱ्या येथे दाट वस्तीतील घरात आल्या आहेत. रेल्वेगाड्यांचा आवाज व कामाच्या पाळ्या यांमध्ये मिळणारे पाच मिनिटांचे मौन हे उपनगरातील साधकाचे मोठे धन ठरते.

आधुनिक मराठी साधक : महाराष्ट्रातील दोन थोर ख्रिस्ती व्यक्तींच्या जीवनात एकेका वेच्याने निर्णायक वळण दिले. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका यूरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली व ती वाचण्याचे वचन घेतले. वचन पाळायचे म्हणून हाती घेतलेल्या त्या ग्रंथातील डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थबकले. गीगोने मननासाठी निवडलेले वचन याच प्रवचनातील आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत घरातही मोजावी लागली. पती-पत्नींची ताटातूट झाली व काही वर्षांनी लक्ष्मीबाई टिळक यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. स्मृतिचित्रे या त्यांच्या आत्मचरित्रात हा काळ आला आहे. टिळकांची पुढील साधना हा आपल्या दुभंगलेल्या जीवनाला सांधण्याचा प्रयत्न होता. तुकारामांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. अभंग, भजन व कीर्तन ही रूपे त्यांनी ख्रिस्ती भक्तीसाठी वापरली, १९१७ मध्ये सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापिला व ख्रिस्तायन हे महाकाव्य आरंभिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्यांच्या दृष्टीने ख्रिस्ताकडे जाताना मराठी संतांचा वारसा मागे टाकावा लागणार नव्हता.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना इंग्लंडमध्ये असताना एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. पतित मानलेल्या स्त्रीशी येशू विहिरीकाठी समानतेने बोलतो, ही गोष्ट त्यांच्या अंतःकरणाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे नमूद केले. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी साधी मराठी त्यांनी योजिली व संस्कृतप्रचुर धार्मिक शब्द शक्यतो टाळले. मिशनमधील स्त्रियांनीच खिळे जुळविले व छपाई केली. हे बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषांतर ही एका परीने सर्वांत संथ वाचनाची रीत आहे. प्रत्येक शब्दाशी थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही. दुष्काळातून व वैधव्यातून आलेल्या स्त्रियांनी ज्या अक्षरांचे खिळे जुळविले, त्याच अक्षरांत रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची कथाही होती. टिळकांनी जुना वारसा जवळ केला, तर रमाबाईंनी त्याच्या शब्दांपासूनही अंतर राखले. अखंडतेच्या शोधातील या दोन परस्परविरुद्ध वाटा होत.

यानंतर जे. सी. विन्स्लो यांनी १९२० नंतरच्या दशकात ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. या संघाची परंपरा सांगणाऱ्या पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाला १९७० नंतर सिस्टर वंदना व सिस्टर सारा ग्रँट यांनी नवे रूप दिले. तेथील सामूहिक उपासनेत बायबलबरोबर भारतीय धर्मग्रंथांचेही वाचन होई. मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो (१९३१–८७) यांनी पुण्यास ‘साधना’ संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्यास गेली. साधना (१९७८) या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात श्वासाचे भान, मौन व शास्त्रवचनांचे मनन यांचा मेळ घातलेला आहे. वसई परिसरातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांचे सुबोध बायबल आजच्या मराठीत असल्याने वाचनासाठी सुगम ठरले. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आक्षेप व मर्यादा : ध्यानवाचनावर तीन प्रकारचे आक्षेप घेतले गेले आहेत. पहिला आक्षेप अर्थनिर्णयाचा आहे. मनाला भावेल तो अर्थ ईश्वरी मानला, तर वेच्याचा ऐतिहासिक संदर्भ व मूळ भाषा यांची उपेक्षा होते. त्यामुळे बहुतेक मार्गदर्शक वाचनाच्या पायरीतच भाष्यग्रंथांचे साहाय्य घेण्यास सांगतात. दुसरा आक्षेप चर्चच्या अधिकृत शिकवणीचा आहे. व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत मंडळाने १९८९ मध्ये ख्रिस्ती ध्यानाविषयी पत्र काढून पूर्वेकडील पद्धती स्वीकारताना ईश्वराशी असलेला व्यक्तिगत संवाद लोप पावू नये, असा इशारा दिला. १९९८ मध्ये याच मंडळाने डिमेलो यांच्या काही विधानांवर आक्षेप नोंदविला. शब्द हे मौनापर्यंत नेणारे केवळ साधन आहेत की ईश्वराचे प्रकटीकरणच शब्दरूप आहे, हा त्या वादाचा गाभा होय.

तिसरा आक्षेप सामाजिक असून महाराष्ट्राच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. अहमदनगर व लगतच्या जिल्ह्यांतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने महार व मांग समाजांतून आलेले आहेत. आश्रमीय अध्यात्माची संस्कृतनिष्ठ भाषा, उपनिषदे व संन्यास यांचा वारसा त्यांना पूर्वी नाकारला गेला होता. तोच ‘भारतीय’ म्हणून ख्रिस्ती साधनेत परत आल्यास त्यांच्या अनुभवाला स्थान उरत नाही, अशी टीका दलित ख्रिस्ती विचारवंतांनी केली. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथील व्याख्यानात शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली. त्यांनी अनुवाद ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायातील इस्राएलच्या श्रद्धाकथनाचा आधार घेतला. भटक्या पूर्वजाची आठवण, गुलामगिरी, आक्रोश व सुटका या क्रमात दलितांनी आपला इतिहास वाचावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. हेही शास्त्राचे मननच आहे. परंतु त्यात हृदयाचे एकवटणे माणुसकीच्या हक्कापासून वेगळे काढता येत नाही.

या तिन्ही आक्षेपांमुळे ध्यानवाचनाचे महत्त्व कमी होत नाही; त्याच्या कसोट्या मात्र निश्चित होतात. वाचलेला अर्थ मूळ वेच्याशी प्रामाणिक असावा, मौनातही संवाद टिकावा आणि वाचकाच्या अखंडतेत त्याच्या शेजाऱ्याच्या प्रतिष्ठेचा समावेश व्हावा, अशा त्या कसोट्या आहेत. ‘शालोम’ या शब्दाच्या मूळ अर्थात या तिहींचा अंतर्भाव होतोच. क्रिस्तपुराणाच्या आरंभीच्या ब्राह्मणापासून केडगावच्या मुद्रणालयातील स्त्रियांपर्यंत मराठी ख्रिस्ती परंपरेने विचारलेला प्रश्न मूलतः एकच आहे. जे वचन माणसाला ईश्वराशी सांधते, ते त्याला त्याच्या भाषेपासून व माणसांपासून तोडणारे असू शकते काय? मराठीतील ध्यानवाचनाचा चार शतकांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला दिलेल्या, कधी परस्परपूरक तर कधी परस्परविरोधी, उत्तरांचा इतिहास होय.